‘सेवेमुळे झाला’ की ‘सेवेने वाढला’? फौजी माणसाच्या मनाच्या आजाराचे दोन वेगळे शब्द

आमच्या घरात माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव. ती माझ्या चुलत्यांची, तात्यांची. तात्या 2002 साली फौजेतून घरी आले तेव्हा त्यांची नऊ वर्षं भरली होती आणि वय होतं एकोणतीस. मेडिकल बोर्डाने, म्हणजे फौजेतल्या डॉक्टरांच्या मंडळाने, अनफिट ठरवून पाठवलं. ट्रंकेत डिस्चार्ज बुक आहे, दोन मेडल आहेत आणि बोर्डाच्या कागदाची एक झेरॉक्स आहे. ती इतकी फिकट पडलीय की उजेडाकडे धरल्याशिवाय वाचता येत नाही. आजाराच्या रकान्यात ‘न्यूरोसिस’, म्हणजे मनाचा आजार, असं लिहिलंय. त्यापुढे तीन प्रश्न आहेत. आजार सैन्यसेवेमुळे झाला का? नाही. सैन्यसेवेने वाढला का? नाही. दोन्हीही नसेल तर कारण? ‘कॉन्स्टिट्यूशनल’. म्हणजे प्रकृतीतलाच, जन्मजात.

त्या दोन ‘नाही’मुळे तात्यांना पेन्शन मिळाली नाही. एकरकमी ग्रॅच्युइटी मिळाली, ती विहिरीत आणि लग्नात गेली. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचं कार्डही नाही. माजी सैनिकांसाठीची ही उपचार योजना 2003 साली सुरू झाली, पण ती पेन्शनीला जोडलेली आहे. झोपेच्या गोळ्या तात्या वीस वर्षं स्वतःच्या पैशाने घेतायत.

गेल्या काही वर्षांत गावातल्या आणि आसपासच्या माजी सैनिकांचे असे कागद मी वाचले. जवळजवळ प्रत्येक जण पहिले दोन प्रश्न एकच समजतो. ‘सर्व्हिसमध्ये झालं ना, मग सर्व्हिसमुळेच,’ असं म्हणतो आणि अर्जातही तेवढंच लिहितो. प्रश्न दोन आहेत, त्यांना लागणारा पुरावा दोन तऱ्हेचा आहे, आणि मनाच्या आजारात हा फरक ठाऊक नसला की माणूस हाताशी असलेला दरवाजा सोडून बंद दरवाजावर धडका देत बसतो.

‘सेवेमुळे झाला’ याला बोर्डाच्या भाषेत ॲट्रिब्युटेबल म्हणतात. नियमांचं म्हणणं असं की आजार सेवेत असताना उद्भवला पाहिजे आणि ड्यूटीच्या परिस्थितीनेच तो उद्भवायला हातभार लावलेला पाहिजे. इथे सुरुवात महत्त्वाची. सुरुंगावर पाय पडला, बर्फाने बोटं गेली, तर कोणी वाद घालत नाही. इंज्युरी रिपोर्ट असतो, कोर्ट ऑफ इन्क्वायरी असते, तारीख असते. मनाच्या जखमेला तारीख असतेच असं नाही. घटना आज घडते, झोप चार महिन्यांनी उडते, आणि माणूस सिक रिपोर्टला, म्हणजे फौजेतल्या डॉक्टरकडे, जातो ते वर्षा-दीड वर्षाने, तेही सेक्शनमधल्या कोणीतरी ओढून नेलं म्हणून. तोवर पलटण पीसला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, आलेली असते.

‘सेवेने वाढला’ म्हणजे ॲग्रॅव्हेटेड. इथे आजाराचं मूळ कुठलंही असू शकतं. घराण्यात असेल, स्वभावात असेल, लहानपणात असेल. प्रश्न एवढाच की सेवेतल्या विशिष्ट परिस्थितीने तो लवकर आला का, किंवा आल्यावर बळावला का. नियमांत उदाहरणंही दिली आहेत: फिल्ड, ऑपरेशन, हाय अल्टिट्यूड, टोकाचं हवामान. इथे एखादी घटना शोधून तारीख सिद्ध करायची नसते. पोस्टिंगचा इतिहास दाखवायचा असतो. कुठे, किती महिने, कसली ड्यूटी, मध्ये सुट्टी किती, त्यानंतर पहिली तक्रार कधी.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या प्रश्नात बी कोणी पेरलं ते विचारतात आणि दुसऱ्यात पाणी कोणी घातलं ते. ‘हे याच्या घराण्यातच आहे’ हे उत्तर पहिल्या प्रश्नाला फार तर चालेल, दुसऱ्याला चालत नाही. तरी बोर्डाच्या कागदावर ‘कॉन्स्टिट्यूशनल’ हा एकच शब्द लिहून दोन्ही प्रश्न मिटवलेले मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. तात्यांच्या कागदावर तेच झालंय. सगळ्यात जास्त अन्याय मला इथेच दिसतो.

पैशाचं आता थोडक्यात. नेहमीच्या डिसॅबिलिटी पेन्शनीत दोन्ही शब्दांना दर सारखाच आहे: पूर्ण, म्हणजे 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, आणि अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात. फरक पडतो वॉर इंज्युरी पेन्शनीत. शत्रूच्या कारवाईत किंवा ऑपरेशनमध्ये जखमी होऊन बोर्डावर घरी आलेल्याला 100 टक्के अपंगत्वासाठी पूर्ण शेवटच्या पगाराइतकी रक्कम मिळते. पगार 40,000 आणि अपंगत्व 50 टक्के धरलं, तर एकीकडे 6,000 आणि दुसरीकडे 20,000. हा मोठा आकडा ‘वाढला’ या शब्दाने मिळत नाही. त्यासाठी ‘मुळे झाला’ हेच सिद्ध करावं लागतं, आणि तेही लढाईच्या संदर्भात. पाय गमावलेल्या जवानाला ते जमतं. त्याच स्फोटात शेजारी बसलेला, अंगावर ओरखडाही न उमटलेला जवान ते कसं सिद्ध करणार?

फौजेत वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांनी ठरते. त्यातलं पहिलंच अक्षर, ‘एस’, मनाच्या स्थितीचं आहे. कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे त्याच्या नंतर येतात. भरतीच्या वेळी प्रत्येकाला ‘शेप वन’ म्हणून घेतात. म्हणजे मन ठणठणीत, हे सरकारनेच लिहून दिलेलं असतं.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. 1982 च्या नियमांचा अर्थ न्यायालयाने असा लावला: भरती करताना आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असं धरायचं, पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे, असं मानायचं, सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. हा निकाल फेफऱ्याच्या आजाराचा होता, पण त्याच्या आधाराने पुढे असंख्य माजी सैनिकांना पेन्शन मिळाली.

मनाच्या आजारात मात्र हे गृहीतक सरसकट चालत नाही, आणि हे वकिलांनीही अशिलाला आधी सांगायला हवं. 2019 मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असा आजार भरतीच्या तपासणीत दिसतोच असं नाही, म्हणून नोंद नव्हती एवढ्यावरून तो आपोआप सेवेमुळे झाला असं मानता येणार नाही. तिथे दावा फेटाळला गेला. मग 2025 मध्ये स्किझोफ्रेनियाच्याच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने उलट बाजू धरली: मेडिकल बोर्डाने कारणं न देता नुसतं मत लिहिलं असेल, तर त्या मताच्या जोरावर पेन्शन नाकारता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की वाट दिसते. मनाच्या आजारात ‘भरतीला ठीक होतो’ एवढ्यावर विसंबू नये. ‘वाढला’ हा मुद्दा पोस्टिंगच्या तारखांसकट मांडावा आणि बोर्डाने त्या प्रश्नाला कारणासह उत्तर दिलंय का, हे विचारावं.

बोर्डाचं ठरलेलं उत्तर दुसरं एक असतं: आजार पीस स्टेशनला सुरू झाला, म्हणून सेवेशी संबंध नाही. तात्यांच्या फाइलमध्येही ते आहे. मी त्यांना त्याबद्दल विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आरं, काश्मिरात आजारी पडायला सवड कुणाला हुती?” दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये हा युक्तिवाद पुरेसा नसल्याचं सांगितलं. पीस स्टेशनलाही फौजी नोकरीचा ताण असतो आणि तेवढ्या कारणाने पेन्शन नाकारता येत नाही, असा त्याचा आशय. तो निकाल मधुमेहाचा होता. मनाच्या आजाराला तो आणखी जास्त लागू पडतो असं मला वाटतं, कारण फिल्डमध्ये दाबून ठेवलेलं सगळं माणूस शांत जागी आल्यावरच वर येतं.

दारूबद्दल लिहिताना हात जड होतो, पण ते सोडून हा विषय पुरा होत नाही. नियमांनुसार दारूच्या अतिरेकामुळे आलेल्या अपंगत्वाला भरपाई मिळत नाही, कारण ती गोष्ट माणसाच्या हातातली मानली जाते. नियम म्हणून त्यात तथ्य आहे. पण ज्याला रात्री झोपच लागत नाही, तो आधी कँटीनच्या बाटलीकडे जातो आणि मग डॉक्टरकडे. डॉक्टरपुढे उभा राहतो तेव्हा तोंडाला वास येत असतो. कागदावर ‘अल्कोहोल डिपेंडन्स’ लिहिलं जातं आणि त्याच्या मागे काय होतं ते कुठेच येत नाही. एकदा हे लेबल लागलं की ‘मुळे झाला’ आणि ‘वाढला’ दोन्ही प्रश्न विचारलेच जात नाहीत. आमच्या भागात अशी तीन माणसं मला माहीत आहेत. गाव त्यांना ‘मिल्ट्रीतला दारुडा’ म्हणतं. तिघांचीही काश्मीर किंवा ईशान्येतली पोस्टिंग झालेली आहे. कोणाच्याही कागदावर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मनाचा आजार, हा शब्द नाही.

आणि हे सगळं राजकारणापासून वेगळं काढता येत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर 2016 मध्ये डिसॅबिलिटी पेन्शनीला टक्केवारीऐवजी ठरावीक रकमेचे टप्पे लावायचं ठरलं. माजी सैनिक खवळले, आणि मे 2017 मध्ये मंत्रिमंडळाने टक्केवारीची पद्धतच कायम ठेवली. 2019 मध्ये या पेन्शनीवरची आयकरातली सूट फक्त बोर्डावर घरी आलेल्यांपुरती ठेवणारं परिपत्रक निघालं. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले आणि त्यांत ‘डिसॅबिलिटी एलिमेंट’साठी, म्हणजे पेन्शनीतल्या अपंगत्वाच्या भागासाठी, ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा शब्द आला. रिलीफ म्हणजे मदत. हक्काच्या जागी मदत हा शब्द आल्याचं अनेक माजी सैनिकांना लागलं, आणि मला ते बरोबर वाटतं. पेन्शनीचा गैरफायदा घेतला जातो, असं सरकारचं म्हणणं. काही जण घेतही असतील. पण गैरफायदा घेणाऱ्याला कागद कसे जमवायचे ते ठाऊक असतं, त्यामुळे नियम आवळले की आधी तात्यांसारखा माणूस बाहेर पडतो.

गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 हे वर्ष माजी सैनिकांसाठी गाजलं ते वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर पेन्शनही सारखी, या मागणीसाठी. जूनपासून जंतरमंतरवर उपोषणं चालू होती आणि 5 सप्टेंबरला घोषणा झाली. त्याच वर्षी त्यांनी एक तज्ज्ञ समितीही नेमली होती. माजी सैनिकांच्या पेन्शनीविरुद्ध सरकारने ऊठसूट अपिलं करू नयेत, अशी तिची शिफारस होती. उपोषणाची बातमी पहिल्या पानावर आली, समितीच्या अहवालाची कोणी फारशी दखल घेतली नाही. अपिलं आजही होतात. सशस्त्र दल न्यायाधिकरणात जिंकलेला माणूस पुन्हा उच्च न्यायालयाची पायरी चढतो.

ज्यांच्या घरात असा कागद आहे, त्यांनी आधी डिस्चार्जची तारीख पाहावी, कारण 1982, 2008 किंवा 2023 यांतले कोणते नियम लागू होणार ते त्यावर ठरतं. मग मेडिकल बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत मागवावी; नुसत्या नकाराच्या पत्रावर काही होत नाही. मनाच्या आजारात युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचा अहवालही घेतलेला असतो. तोही मागावा, त्यात कधीकधी बोर्डाने न लिहिलेलं सापडतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईला आहे. उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही, पण मागची थकबाकी साधारण दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, म्हणजे दर महिन्याच्या उशिराला किंमत आहे. आणि खटला चालू असेतोवर उपचार थांबवू नयेत. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा खास कक्ष डिसेंबर 2023 पासून आहे, आणि 14416 वर कोणालाही मराठीत बोलता येतं.

तात्यांचा अर्ज आम्ही या पावसाळ्यात तयार केला. आधी मी फक्त ‘सेवेमुळे झाला’ लिहिलं होतं, कारण मलाही हा फरक उशिरा कळला. वकिलांनी दोन्ही मुद्दे घालायला लावले, एक मान्य नसेल तर दुसरा, असे. कमांडिंग ऑफिसरच्या जुन्या अहवालात एक ओळ सापडली: जवानाच्या पुढच्या गाडीखाली स्फोट झाला, त्यानंतर तो एकलकोंडा झाला. तेवीस वर्षं ती ओळ फाइलमध्ये पडून होती.

मसुदा मी तात्यांना ओसरीवर वाचून दाखवला. पोस्टिंग, तारखा, नियम, निकाल, सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मध्ये एकदाच हात वर केला.

“पाच न्हाई,” ते म्हणाले. “सहा जण हुते गाडीत. ड्रायव्हर धरून सहा. नीट लिव्ह.”