पीएमओ आणि मोठे व्यावसायिक बदल : एक पार्श्वभूमी

कंपनीची संगणकप्रणाली, कामाच्या पद्धती आणि लोकांच्या जबाबदाऱ्या एकाच वेळी बदलायचं ठरलं की बहुधा प्रकल्प व्यवस्थापन कार्यालय, म्हणजे पीएमओ, स्थापन होतं. त्याच्याकडून अपेक्षा असते ती तक्त्यांची, आढावा बैठकांची, साप्ताहिक अहवालांची. मुळात मात्र ही व्यवस्था अहवाल गोळा करण्यासाठी निघाली नव्हती.

तिची पाळंमुळं शीतयुद्धातल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमांत सापडतात. १९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलाने अ‍ॅटलास क्षेपणास्त्रासाठी बर्नार्ड श्रीव्हर यांच्या हाताखाली स्वतंत्र विभाग काढला. १९५५ च्या अखेरीस नौदलानेही 'स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिस' उघडलं. पाणबुडीतून डागता येईल असं पोलारिस क्षेपणास्त्र घडवणं हे त्याचं काम, आणि प्रमुख विल्यम रेबोर्न. नौदलात शस्त्रं, जहाजं, विमानं यांची खाती वेगळी आणि आपापल्या हद्दीबद्दल भलतीच जागरूक; पोलारिसला तर सगळ्यांचीच गरज. म्हणून नौदलप्रमुख आर्ले बर्क यांनी रेबोर्न यांच्या हाती एक पत्रच दिलं. यांच्या कामात अडचण आली तर ती ताबडतोब माझ्यापर्यंत आली पाहिजे, असा त्याचा आशय. पत्र बाहेर काढायची वेळ फारशी येत नसावी. ते खिशात आहे एवढं खात्यांना ठाऊक असलं की पुरे.

याच कार्यालयात १९५८ मध्ये 'पर्ट' हे वेळापत्रकाचं तंत्र तयार झालं. कुठलं काम कशावर अडून आहे आणि त्याला किती वेळ लागेल, हे जाळ्यासारख्या आकृतीत मांडायचं. जुलै १९६० मध्ये पाण्याखालच्या पाणबुडीतून पोलारिस यशस्वीपणे डागलं गेलं आणि पर्टचा बोलबाला झाला. १९७२ मध्ये पोलारिसवर हार्वे सॅपोल्स्की या अभ्यासकाचं पुस्तक आलं, तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली: त्या आकर्षक तक्त्यांचा मोठा उपयोग बाहेरच्यांचा विश्वास मिळवून त्यांची ढवळाढवळ रोखण्यासाठी झाला होता. पुढच्या अर्धशतकात जगाने उचलले ते तक्तेच. पत्राचं कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही.

नासाने मात्र अधिकारासकट नक्कल केली. १९६४ मध्ये हवाई दलाच्या मिनिटमन क्षेपणास्त्र कार्यक्रमातून सॅम्युअल फिलिप्स अपोलो या चांद्र कार्यक्रमाकडे आले. वॉशिंग्टनच्या मुख्यालयात जे कक्ष, तसेच नासाच्या केंद्रांतही, अशी रचना झाली. त्यामुळे चाचणीचा प्रश्न चाचणीवाल्याकडून थेट चाचणीवाल्याकडे जाई.

खासगी कंपन्यांत पीएमओचं पीक आलं ते १९९० च्या दशकात. कार्यपद्धतींची मुळापासून फेरमांडणी करण्याची लाट, १९९२ मध्ये आलेलं 'सॅप आर/३' (कंपनीची सगळी खाती एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर) आणि शेवटी वाय-टू-के, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकातल्या तारखा चुकण्याची भीती. या कामांना खात्यांच्या भिंती चालत नाहीत. खरेदीचा एक कोड बदलला तर गोदाम, हिशेब आणि वितरण तिघांनाही हलावं लागतं, आणि कोणता बदल आधी हे त्या तिघांपैकी कुणीच एकट्याने ठरवू शकत नाही. पीएमओची खरी जागा इथे होती. पण कित्येक ठिकाणी त्याला वाद सोडवण्याचा नव्हे, फक्त वाद नोंदवण्याचा अधिकार मिळाला. मग लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांचे अहवाल निघू लागले. (लाल खूण वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पिवळी कशी होते, हे अशा कार्यालयात बसलेल्या कुणालाही विचारा.) २००७ मध्ये ब्रायन हॉब्ज आणि मोनिक ऑब्री या संशोधकांनी ५०० पीएमओंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतले निम्म्याच्या आसपास अवघ्या दोन वर्षांच्या आतले होते, आणि अनेकांच्या अस्तित्वावरच त्यांच्या संस्थेत प्रश्न उभा होता.

ब्रिटिश सरकारने २०११ मध्ये मोठ्या सरकारी प्रकल्पांवर देखरेख ठेवण्यासाठी 'मेजर प्रोजेक्ट्स अथॉरिटी' नेमली तेव्हा तिला पंतप्रधानांचा आदेश सोबत दिला. हे बर्क यांच्या पत्राचंच नवं रूप म्हणायला हरकत नाही. कंपन्यांतही आता 'ट्रान्सफॉर्मेशन ऑफिस', म्हणजे मोठ्या बदलांचं कार्यालय, थेट मुख्याधिकाऱ्याच्या हाताखाली ठेवण्याकडे कल दिसतो. त्याच्या कामात आणखी एक भर पडली आहे: प्रणाली सुरू झाली म्हणून फाइल बंद होत नाही, ठरलेली बचत खरंच हाती आली का हे पुढेही तपासावं लागतं. हा आकडा वित्त विभागाने मान्य करावा लागतो, आणि खातेप्रमुखांशी खडाजंगी होते ती बहुतेक वेळा त्यावरूनच.