पंजा गार लागतोय का?

मघाशी खिडकीतून उडी मारून आत आलेलं मांजर अचानक जिवाच्या आकांतानं ओरडायला लागतं. बघावं तर मागचे दोन्ही पाय लुळे, पुढच्या पायांवर अंग ओढत चाललेलं. कुठून तरी पडलं, कंबर मोडली, असंच कुणालाही वाटेल. तसं असूही शकतं. पण आधी मागचा पंजा हातात घेऊन बघा. पुढच्यापेक्षा गार लागतो का? तळव्याच्या गुलाबी गाद्या पांढुरक्या किंवा निळसर झाल्यात का? तसं असेल, तर बिघाड पायात नसून बहुधा हृदयात आहे.

मांजरांना हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बऱ्यापैकी होतो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असं त्याचं लांबलचक नाव. जाड झालेला खालचा कप्पा नीट सैलावत नाही, त्यामुळे डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं, तो कप्पा फुगतो आणि संथ झालेल्या रक्तात गुठळी धरते. ती सुटली की महाधमनीतून वाहत जाते. कमरेपाशी ही धमनी दोन्ही पायांकडे फुटते आणि नेमकी त्या फाट्यावर गुठळी अडकते. पायांचा रक्तपुरवठा तिथेच बंद. स्नायू कडक होतात, जांघेतली नाडी लागत नाही, वेदना भयंकर असते. काही मांजरं तोंड उघडून धापा टाकतात. कधी गुठळी पुढच्या पायाकडे जाते, मग एकच पाय लुळा पडतो.

वाईट भाग असा की, तोवर मांजर ठणठणीत वाटत असतं. दुखणं लपवण्यात या प्राण्याचा हात कुणी धरणार नाही, आणि स्टेथोस्कोपनेही दर वेळी काही ऐकू येतंच असं नाही.

अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्र असली तरी निघा. पाय चोळू नका. गरम पाण्याची पिशवीही नको, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. आणि माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच नको. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते, एक गोळीही जीव घेऊ शकते. खोक्यात टॉवेल अंथरून मांजराला अलगद सरकवा. मार लागल्याची शंका असेल तर पाठ वाकू देऊ नका.

हळूहळू येणाऱ्या अशक्तपणाची गोष्ट वेगळी. मांजर मागच्या टाचा जमिनीला टेकवून चालतंय, पाणी खूप पितंय, तर मधुमेह तपासून घ्या. मान खाली झुकलेली, वर उचलता येत नाही, तर रक्तातलं पोटॅशियम घटलेलं असू शकतं. मूत्रपिंड कमकुवत झालेल्या म्हाताऱ्या मांजरांत हे दिसतं. टाचांवर चालणाऱ्याला एक-दोन दिवसांत नेलं तरी सहसा चालतं, मान झुकलेल्याला त्याच दिवशी न्या. बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये बसतोय पण लघवी होत नाही, तर मात्र पुन्हा धावपळच. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते.

गुठळीतून सगळीच मांजरं वाचत नाहीत, हे डॉक्टर आधीच सांगतील. एकच पाय गेलेला असेल आणि अंगाचं तापमान उतरलेलं नसेल, तर आशा जास्त. वाचलेल्यांना पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून बहुतेकदा क्लोपिडोग्रेल देतात. ते इतकं कडू असतं की मांजर तोंडाला फेस आणतं, म्हणून रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून द्यावं लागतं. घरी एक काम उरतं: गाढ झोपेत असताना मिनिटाला श्वास मोजायचे. ते सतत 30 च्या वर जायला लागले, तर फोन लावायचा.