आतड्याचा राखणदार

मे महिन्यातलं लग्न, अमळनेरकडचं. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वर तुपाची धार. जेवण झकास होतं. संशय गेला तो मांडवामागच्या टाकीतल्या पाण्यावर. दुसऱ्या दिवशी निम्मं वऱ्हाड आडवं, नि पोट धरून पडलेल्यांत मीही होतो. आजी निवांत. म्हणाली, "निंघी जाऊ दे घान."

आजीचं निम्मं बरोबर होतं.

आतड्यात कोट्यवधी जिवाणू कायमच मुक्कामाला असतात. दिसेल त्याला झोडपायचं म्हटलं तर आतड्याला रोजच सूज येईल. म्हणून मारण्यापेक्षा ओळखण्याचं काम अवघड. बाहेरून आलेले बरेचसे जठरातल्या आम्लातच संपतात. वाचलेल्यांना लहान आतड्यात पॅनेथ पेशी भेटतात. या पेशी डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं सोडतात, नि ती जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडतात. शिवाय चिकट श्लेष्म्याचा थर आहेच. त्याखाली मात्र पेशींची एकच रांग, तीही चार-पाच दिवसांत नवी होणारी.

या पेशींवर टीएलआर-५ (टोल-लाइक रिसेप्टर, म्हणजे टोलसारखा ग्राहक) नावाचा ग्राहक, म्हणजे ठरावीक खूण ओळखणारं प्रथिन असतं. जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन तो ओळखतो. गंमत अशी, की तो मुख्यतः पेशीच्या खालच्या अंगाला बसलेला असतो. केळीच्या बागेशेजारच्या रस्त्यानं दिवसभर माणसं जातात, राखणदार मान वर करत नाही. तोच माणूस रात्री बागेच्या आत दिसला की बॅटरी लागते. तसंच हे. फ्लॅजेलिन खालून लागलं, म्हणजे कुणीतरी कुंपण ओलांडलं.

या ग्राहकांच्या घराण्याचा माग लागला तो पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीत. टोल जनुक माशीला बुरशीपासून वाचवतं, हे ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं १९९६ मध्ये दाखवलं. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

बॅटरी लागली की पेशी रासायनिक हाक देतात आणि काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन जिवाणू गिळू लागतात. साल्मोनेला हा जुलाब लावणारा जिवाणू शिरलेली पेशी तर कधी कधी चोरासकट स्वतःलाच रांगेतून बाहेर लोटून देते. निंघी जाऊ दे, ते हेच!

पण साल्मोनेलाही बेरकी. न्यूट्रोफिलांच्या माऱ्यात आतड्यातल्या गंधकाच्या एका संयुगाचं टेट्राथायोनेट होतं. साल्मोनेला ते श्वसनाला वापरतो आणि आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंवर मात करतो. आपल्याच आगीवर तो भाकरी भाजतो म्हणा ना.

आजीचं चुकलं ते पुढं. तिनं आमचं पाणी बंद केलं होतं. जुलाबात जीव जातो तो पाणी नि क्षार गेल्यानं, आणि आजारी आतडंही साखरेबरोबर मीठ आत ओढतं, त्यामागून पाणी जातं. वहिनीनं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर नि त्याच चमच्यानं अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवलं आणि आजीची दुपारची झोप लागल्यावर तांब्या हळूच माझ्या उशाशी आणून ठेवला.