इंजिन बंद पडलं तरी विमान उडतंच

परवा नागपुरात सोनेगावला, विमानतळाजवळच्या चहाच्या टपरीवर कुठल्याशा शिकाऊ विमानाची बातमी निघाली. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं आणि विमान कोसळलं. शेजारी बसलेले काका म्हणाले, "इंजिनच बंद पडलं म्हटल्यावर गोट्यासारखं खालीच येईन ना भाऊ!" जवळजवळ सगळ्यांचीच अशी समजूत असते आणि ती साफ चुकीची आहे.

इंजिन विमानाला पुढे ओढतं. उचलून धरतो तो पंख. सेसना 152 सारखं दोन जणांचं विमान इंजिनाशिवायही एक मीटर खाली येता येता सुमारे नऊ मीटर पुढे जातं. अट एकच, वेग टिकवायचा. इंजिन नाही म्हणजे वेग उंचीतूनच कमवायचा, म्हणून नाक लगेच खाली करायचं. जमीन अंगावर येत असताना हात मात्र नाक वर ओढायला बघतो.

नाक वर ओढलं तर काय होतं, हे घरच्या कूलरपुढे बघा. वहीचा पुठ्ठा झोतात जरासा तिरपा धरला की तो वर उचलला जातो. आणखी तिरपा करत गेलात की एका क्षणी थरथरतो आणि नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही तेच. हवेशी त्याचा कोन साधारण 15-16 अंशांपलीकडे गेला की वरच्या अंगाची हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते. उचल एकदम घटते. हाच स्टॉल.

आता खरी मेख. धावपट्टी मागेच दिसत असते, तिकडे वळावंसं वाटतं. वळायला विमान कलवावं लागतं आणि पंखाची उचलही तेवढीच कलते. वजन तर तेवढंच, म्हणून एकूण उचल वाढवावी लागते: 1 भागिले कलाच्या कोनाचा कोसाइन. 45 अंशांना ती 1.41 पट होते. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने स्टॉलचा वेग वाढतो त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे 1.19 पट. सरळ उडताना या विमानाचा स्टॉल ताशी 90 किलोमीटरच्या आसपास, 45 अंश कलल्यावर तो जातो 107 वर. आणि इंजिनाशिवाय तरंगायचा योग्य वेग आहे 111! मधे उरले चार किलोमीटर. 60 अंशांना तेवढेही उरत नाहीत. त्यात घाईने रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू, जास्त दाबला, तर आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गरगरत खाली येतं. सावरायला उंचीच नसते.

बरं, 180 अंश वळून भागतही नाही. तेवढ्या वळणात विमान धावपट्टीच्या बाजूला सरकलेलं असतं, म्हणून एकूण वळण 270 अंशांच्या घरात जातं. 30 अंश कलून हे करायला पंचवीसेक सेकंद आणि शंभरेक मीटर उंची लागते. इंजिन मुळात शंभर मीटरवर थांबलं असेल, तर हिशेब तिथेच संपतो.

इंजिन थांबायचं एक साधं कारण म्हणजे पेट्रोलमधलं पाणी. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून पारदर्शक कपात थोडं पेट्रोल काढतात. विमानाचं हे पेट्रोल निळसर असतं. पाणी जड, म्हणून खाली बिनरंगी थेंब होऊन बसतं. बघितलं की लगेच कळतं. अपघातानंतर अमावस्या आणि विमानाच्या नंबराची बेरीज काढणाऱ्यांनी एकदा हा कप हातात धरावा. लिंबू-मिरची बांधून टाकीतलं पाणी जात नाही.

सोनेगाव विमानतळाची धावपट्टी 3200 मीटर लांब आहे. छोटं विमान तिच्या टोकापासून निघालं तर काही शे मीटरांतच हवेत जातं, आणि तेव्हाच इंजिन गेलं तर उतरायला समोर भरपूर पट्टी शिल्लक असते. पुढे गेल्यावर मात्र नाकाच्या डावी-उजवीकडे 30 अंशांत दिसेल ते मोकळं शेत. म्हणून वैमानिक निघण्याआधीच स्वतःशी मोठ्याने म्हणतो, अमुक उंचीखाली इंजिन गेलं तर वळायचं नाही.

मे महिन्यात ही उंची कमावणंच अवघड होतं. नागपूर समुद्रसपाटीपासून 315 मीटरवर आहे, पण 45 अंश सेल्सिअसच्या उन्हाळ्यात हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते 1450 मीटरच्याही वर, महाबळेश्वराहून उंच. इंजिन दमतं, चढ मंदावतो. तीच धावपट्टी, तेच विमान, पण पट्टीच्या टोकाशी पोचताना सकाळी सहाला जी उंची हाती असते, ती दुपारी दोनला नसते.