'रिपेअरमन' हटला, 'रिपेअरर' आला, जिंकला तिसराच

'रिपेअरमन' हा एकोणिसाव्या शतकातला शब्द. 'रिपेअरर' त्याहून कितीतरी जुना, तरी बोलण्यात रुळला तो पहिलाच.

पदनामातल्या 'मन'च्या (म्हणजे 'पुरुष'च्या) वादाला तोंड फुटलं 1970 च्या दशकात, तेही नोकरीच्या जाहिरातींवरून. अमेरिकेत 1964 च्या कायद्याने नोकरीतल्या लिंगभेदाला बंदी घातली होती, तरी वर्तमानपत्रं 'पुरुष हवेत', 'स्त्रिया हव्यात' असे वेगळे रकाने छापतच होती. असे रकाने बंद करण्याचा आदेश 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला, पण 5 विरुद्ध 4 मतांनी. रकाने गेल्यावर पदनामातलं 'मन' डोळ्यांत खुपू लागलं. ब्रिटनच्या 1975 च्या कायद्यानुसार, पदनामातूनच स्त्री की पुरुष कळत असेल आणि जाहिरातीत तसा खुलासा नसेल, तर भेदभावाचा हेतू गृहीत धरला जाई. 'पोस्टमन' आणि 'सेल्सगर्ल' ही उदाहरणं कायद्यातच दिलेली होती.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी व्यवसायकोशातली सुमारे 3,500 पदनामं बदलली. 'फोरमन'चा 'सुपरवायझर' झाला, 'ड्राफ्ट्समन'चा 'ड्राफ्टर'. दुरुस्तीवाल्यांसाठी 'रिपेअरपर्सन' टाळून 'रिपेअरर' घेतला गेला. यावर पुढे बरीच भवति न भवति झाली. माझ्या मते निवड योग्यच होती. 'पर्सन' जोडलेल्या शब्दांची तेव्हा यथेच्छ टिंगल होत होती, आणि शिवाय एक मेख होती: खुर्चीवर बाई असली की 'चेअरपर्सन', पुरुष असला की पुन्हा 'चेअरमन'. म्हणजे तटस्थ म्हणून आणलेला शब्द बायकांपुरताच उरायचा. 'रिपेअरर' त्यातून सुटला.

पण तो तोंडात बसेना. दोन 'र' एकापुढे एक, आणि दुकानालाही तोच शब्द. आज तो 'मेकॅनिक्स अँड रिपेअरर्स' अशा जोडनावाने व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात टिकून आहे. कंपन्यांनी मात्र 'टेक्निशियन' उचलला. त्यात लिंगाचा प्रश्न आपोआप मिटतो आणि पगार न वाढवता हुद्दा वाढल्यासारखा वाटतो!

मराठीने मेकॅनिक, टेक्निशियन, तंत्रज्ञ सगळे सहज पचवले. आपली अडचण नामात नाहीच. 'मेकॅनिक आला' की 'मेकॅनिक आली', हे क्रियापद बोलायला लावतंच. म्हणून तक्रार नोंदवल्यावर येणाऱ्या संदेशात 'आमचे तंत्रज्ञ येतील' असं आदरार्थी बहुवचन असतं. 'येतील' दोघांनाही चालतं. 'आमचे' मात्र पुल्लिंगीच राहतं.