नियम आणि वाट : भांडवलशाहीबद्दल बोलताना होणारी गल्लत

ठाण्यात पोखरण रोडला, माजिवड्याला एखादी जुनी कंपनी पडून तिथे टॉवर उभा राहिला की कुणीतरी म्हणतंच, "हे होणारच होतं. आधी शेती, मग कारखाने, मग ऑफिसं. विकासाचा नियमच आहे तो." माझे वडील व्हीआरएस घेऊन घरी आले, तेव्हा शेजारच्या काकांनी हेच सांगून त्यांची समजूत घातली होती. काकांच्या मनात माया होती, पण त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टींची सरमिसळ होती : नियम आणि वाट.

खाडीकाठच्या कोळ्याला हा फरक समजावावा लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यांत कमी चढउताराची भरती-ओहोटी, हा नियम. तो ठाण्याच्या खाडीला लागू तसाच वसईच्याही. पण खाडी कुठे वळली, कुठे गाळाने भरली, कुठे भराव टाकून अरुंद केली गेली, हे तिथीवरून काढता येत नाही. तो त्या त्या खाडीचा इतिहास.

भांडवलशाहीचे नियम 'जर-तर'चे असतात. एकाने नवं यंत्र आणून माल स्वस्त केला, तर बाकीच्यांना तेच करावं लागतं, नाहीतर धंदा गुंडाळावा लागतो. जमिनीचंही तसंच. जागेचा भाव तिच्यावरच्या उत्पादनाच्या नफ्याला मागे टाकून गेला आणि वापर बदलायची मोकळीक मिळाली, तर मालक कारखान्यात पैसा घालत बसणार नाही. या वाक्यातली 'मोकळीक' मात्र बाजारातून येत नाही, ती सरकार देतं. शहरात कुणी किती मोकळी जमीन ठेवावी यावर मर्यादा घालणारा १९७६ चा कमाल नागरी जमीनधारणा कायदा केंद्राने १९९९ साली रद्द केला, महाराष्ट्राने २००७ साली. मधली आठ वर्षं कुठल्याही आर्थिक नियमाने ठरवलेली नव्हती.

एर्न्स्ट एंगल यांचा १८५७ चा नियमही असाच (मार्क्सचे मित्र फ्रीडरिश एंगल्स वेगळे). घरात पैसा वाढला की खर्चातला खाण्याचा हिस्सा घटतो. आपल्याकडे २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत हा हिस्सा ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरांत सुमारे ३९ टक्के निघाला. यावरून अर्थव्यवस्थेत शेतीचा वाटा घटत जाणार एवढं सांगता येतं. शेतकऱ्याचं काय होणार, हे नाही.

खुद्द मार्क्स याबाबत आपण समजतो त्यापेक्षा सावध होते. आधुनिक समाजाच्या गतीचा आर्थिक नियम उघड करणं हे आपलं काम, असं त्यांनी १८६७ साली 'भांडवल'च्या प्रस्तावनेत म्हटलं. पण नफ्याचा दर घसरत जातो हा नियम मांडल्यावर लगेच पुढच्या प्रकरणात त्यांनी त्याला अडवणारी कारणं दिली : यंत्रं स्वस्त होणं, मजुरी दाबली जाणं, परदेशी व्यापार. इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांची जमीन गेली आणि ते गिरण्यांचे मजूर झाले. ही वाट साऱ्या देशांच्या नशिबी आहे, असा अर्थ एका रशियन टीकाकाराने काढला, तेव्हा १८७७ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात मार्क्स यांनी तो नाकारला. ते चित्र पश्चिम युरोपचं आहे, असं त्यांचं म्हणणं. उलट रोस्टो या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६० साली सगळ्या देशांसाठी विकासाच्या पाच पायऱ्या आखून दिल्या. मला ती शिडी पटत नाही, आणि त्याचं कारण खाडीपलीकडेच आहे.

१९७० साली सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. इंग्लंडची वाट हाच नियम असता, तर इथला आगरी शेतकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कामगार होऊन गोष्ट संपली असती. बरेच जण झालेही. पण जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मग कुणी चाळ बांधून भाडं घेऊ लागला, कुणी ठेकेदार झाला, कुणी भूखंडाच्या हक्काची फाईल आधीच बिल्डरला विकून मोकळा झाला. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्याची वाट आणखी वेगळी. जमिनीवरचा दाब सगळीकडे सारखाच होता, तरी एकाच गावातल्या दोन घरांची गत एक झाली नाही.

पुढे विमानतळासाठी जमिनी घेताना तोच आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. तो कुठल्याही सूत्रातून निघालेला नाही, माणसांनी भांडून मिळवलेला आहे. माझ्या वडिलांच्या कंपनीची जमीन निवासी झाली, तेव्हा कामगारांच्या वाट्याला असा कुठलाच टक्का आला नाही. कुणी मागितलाही नव्हता. हे होणारच होतं, असंच सगळे म्हणत होते.