बांबू पसरतोय? आधी जमिनीखाली काय चाललंय ते बघा

मावशीचं पाचगणीला छोटं घर आहे, तिथं तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेलो तर पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकमधनं तपकिरी टोकदार कोंब वर आलेले, एक ब्लॉक तर त्यानं अक्षरशः उचलून धरलेला, आणि बांबू लावलेला कुठं तर तिथून पंधरा फुटांवर, कंपाउंडच्या कोपऱ्यात. नर्सरीतनं 'शोचा बांबू आहे, काही होत नाही' असं सांगून दिलेली चार रोपं, पहिली काही वर्षं एकदम गप्प होती. मावशी म्हणाली, "अरे गेल्या वर्षी मुळापासून कापलं होतं सगळं, परत दुप्पट आलं." कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं मिठाचं पाणीसुद्धा ओतलं होतं, बांबूला काही झालं नाही, कडेची जास्वंद मात्र वाळून गेली. मला फार वाईट वाटलं, कारण हे सगळं टाळता आलं असतं, फक्त रोप घेताना जमिनीखालचं खोड कसलं आहे एवढं बघायला हवं होतं.

तर मुळापासून सांगतो. बांबू म्हणजे गवत, ऊस-ज्वारी-हरळीच्या खानदानातलं. आपल्याकडं कायद्यात तो कितीतरी वर्षं झाड म्हणूनच होता, १९२७ च्या वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतनं त्याला २०१७ मध्ये बाहेर काढलं. आता आपल्या भागात उसाचं कुणाला सांगायला नको, ऊस तोडला तरी खोडवा येतोच, कारण फुटायचे डोळे खाली बुडख्यात शाबूत असतात. बांबूचं तेच, फक्त त्याचं जमिनीखालचं खोड कैकपट मोठं आणि वर्षानुवर्षं जगणारं. आणि ते खोडच आहे बरं का, मूळ नव्हे, कारण त्याला पेरं असतात आणि पेरावर डोळा असतो.

हे खालचं खोड दोन तऱ्हेचं असतं, आणि सगळा खेळ इथंच आहे. दोन्ही समजायला सातारा जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. वाईकडं हळद काढताना बघितली असेल तर जेठा गड्डा आणि त्याला बिलगून आलेली हळकुंडं आठवा, आखूड, जाड, एकाला एक चिकटून. बऱ्याच बांबूंचं खोड असंच असतं, प्रत्येक गड्ड्याच्या टोकातनं एक काठी वर येते आणि त्याच्या कुशीतनं पुढचा गड्डा, म्हणून त्याचं बेट होतं. आपल्या सह्याद्रीतले कळक, मेस, चिवा, कोकणातला माणगा, सगळे बेटातले. बागांमधे दिसतो तो हिरव्या रेघांचा जाड पिवळा बांबूसुद्धा बेटातलाच, त्याला लोक उगीच घाबरतात. बेट रुंदावतं, पण हळूहळू आणि डोळ्यासमोर, भिंतीपासून आठ-दहा फूट सोडून लावलं की झालं.

दुसरी तऱ्हा म्हणजे पाचगणी-महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखी. स्ट्रॉबेरीचा रनर कसा मातीवरनं लांब पळतो आणि पुढं जाऊन नवीन रोप करतो, तसाच हा बांबू पळतो, पण मातीखालनं, त्यामुळं आपल्याला पत्ताच लागत नाही. काठ्या खोडाच्या कडेच्या डोळ्यांतनं निघतात आणि टोक आपलं पुढं पुढं जात राहतं, म्हणून काठ्या सुट्ट्या सुट्ट्या, कुठंही. मावशीकडचा हाच, फायलोस्टॅकिस ऑरिया, मूळचा चीनचा, नर्सरीत सोनेरी बांबू म्हणून मिळतो. पण नुसत्या नावावर जाऊ नका, कारण तो रेघांचा पिवळा बांबूही कधी त्याच नावानं विकतात.

ओळखायचा कसा? काठी हातात घ्या आणि जिथनं फांद्या फुटल्यात त्या पेराच्या वरच्या कांडीवरनं अंगठा फिरवा. फायलोस्टॅकिस असेल तर फांदीच्या बाजूला एक उथळ खाच लागते, खालपासून वरपर्यंत सरळ, जणू फांदीनं तिथं टेकून जागा केलीये. बेटातल्या बांबूची कांडी बहुतेक वेळा गोल गुळगुळीत. मग फांद्या मोजा, फायलोस्टॅकिसला एका पेराला साधारण दोनच, एक जाड एक बारीक, बेटवाल्यांना पुष्कळदा झुबकाच असतो. सोनेरी बांबूची आणखी एक खूण, बुडाजवळची पेरं एकमेकांत दाबल्यासारखी जवळजवळ येतात, कधी तिरकी. एवढं करून खात्री नाही पटली तर कडेला वीतभर उकरा. आम्ही उकरलं तेव्हा बोटाएवढं जाड, पिवळसर, दर इंचा-दीड इंचाला पेर असलेलं खोड लागलं, दोराच्या गुंडाळ्यासारखं एकावर एक, आणि टोक खिळ्यासारखं कडक. कुंडीतलं रोप घेतानाही हे बघता येतं, कुंडी काढून गोल गोल फिरलेलं लांब खोड दिसलं तर सावध व्हा. (घरात पाण्यात ठेवतात तो लकी बांबू यात मोजू नका, तो बांबूच नाही, ड्रसीना नावाची वेगळीच वनस्पती आहे.)

आता आवरायचं कसं. बांबूचा कोंब जमिनीतनं येतो तोच पूर्ण जाडीचा येतो, नंतर जाड होत नाही, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठून मोकळा. काही जातींत एका दिवसात ९१ सेंमी वाढ नोंदलेली आहे. एवढी ताकद त्याच्या स्वतःच्या पानांची नसते, पानं तर नंतर येतात, ती सगळी खालच्या खोडात साठवलेल्या पिठासाखरेची. म्हणजे प्रत्येक कोंब हा खालच्या बँकेतनं काढलेला पैसा, आणि पानं फुटली की तो पैसा व्याजासकट परत भरायला लागतो. मावशीनं कापलं होतं ते वर्षातनं एकदा, त्यामुळं मधल्या काळात नवीन पानांनी सगळं भरून काढलं. जुन्या काठ्या सगळ्या कापायच्या आणि मग नवीन कोंब कमरेएवढा वाढू द्यायचा, पण पान उघडायच्या आत कापायचा, दर वेळेला, न चुकता. कोंब कमजोर होतात, पातळ होतात, मग पेन्सिलीएवढे होतात. दोन-तीन वर्षं लागतात, घाई करून उपयोग नाही. जाळून तर काहीच होत नाही, खोड मातीत सुरक्षित असतं. तणनाशकाच्या मागं लागू नका असं माझं मत आहे, त्यातलं ग्लायफोसेट तर २०२२ मध्ये सरकारनं पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरतंच ठेवलं होतं.

सोबत चर. हे खोड बहुतेक वरच्या फूटभर मातीतच पळतं, म्हणून आम्ही पार्किंगच्या बाजूला फूटभर रुंद आणि थोडा जास्त खोल चर खणून त्यात पालापाचोळा भरला, वर्षातनं दोनदा उकरायचा आणि आडवं आलेलं खोड आरीनं कापायचं. बांबू ठेवायचाच असेल तर जाड एचडीपीई (कडक प्लॅस्टिकची) शीट दोन-अडीच फूट खोल गाडायची, वरचं टोक थोडं बाहेर कललेलं, म्हणजे खोड आपटून वर वळतं, आणि दोन इंच शीट मातीच्या वर दिसली पाहिजे, नाहीतर ते वरनं उडी मारून जातं. विटांची भिंत नको, फटीतनं घुसतं. काढलेलं खोड ओढ्याकडेला टाकू नका, पेर ओलं असेल तर तिथं रुजेल, उन्हात कडकडीत वाळवा. तो रेघांचा पिवळा बांबू तर ओली काठी मातीत खोचली तरी फुटतो, टोमॅटोला आधार म्हणून लावताना लक्षात ठेवा.

कोवळे कोंब खाता येतात, पण कच्चे नाही, त्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो, चिरून भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. मावशीनं पहिल्या वर्षी दोनदा भाजी केली. या वर्षी भाजीपुरतेही निघाले नाहीत, एप्रिल ते जून मिळून नऊ कोंब, सगळे करंगळीपेक्षा बारीक, आणि पार्किंगमधे एकही नाही. तो उचललेला ब्लॉक आम्ही मे महिन्यात परत बसवला.